लिनबाईंच्या पुड्या आणि माझी घेटुळी

साउथहॅम्प्टनला बघण्यासारखं काय आहे, असं परत आल्यापासून मला निदान बारा जणांनी विचारलं असेल. पेशंट नाडी दाखवायला हात पुढे करतात आणि मी बोटं टेकवायच्या आत सुरू होतात, "मग मॅडम, कशी काय वाटली विलायत?" मी सांगते, मोठं बंदर आहे, लोखंडी पेट्यांची चळत घेऊन जहाजं येतात. "लंडन केलंत का?" नाही. "राजवाडा?" तोही नाही. सहा आठवडे राहून मी एक बंदर, एक हॉस्पिटल आणि एक चिनी औषधांचं दुकान एवढंच पाहिलं. त्यातलं दुकान सांगण्यासारखं आहे. त्या दुकानापायी मी जे केलं तेही सांगायचं आहे, कारण मिरजेत ते कुणालाच ठाऊक नाही आणि लोक अजून माझ्याकडे विश्वासाने येतात.

मी वैद्य. वडीलही वैद्य होते, त्यांच्या मागे दवाखाना मी चालवते. धाकटा भाऊ माधव मात्र डॉक्टर झाला, भूलतज्ज्ञ, आणि तीस वर्षांपूर्वी गेला तो तिकडचाच झाला. "ताईच्या डब्यांत गवत असतं," हे त्याचं लाडकं वाक्य. मी पाठवलेली चूर्णं तो कुंडीत घालायचा आणि वर फोन करून सांगायचा की गुलाब छान आलेत. मी हसायचे. पण लागायचं हो मनाला. आयुष्यात एकदा तरी ह्याने माझ्या हातचं औषध घ्यावं आणि त्याला बरं वाटावं, एवढी एकच हौस माझी राहिली होती.

डायबेटिस त्याला चाळिशीतच लागला होता. यंदा त्याच्या बायकोचा, अनघाचा, फोन आला. "ताई, माधवची किडनी फार उतरलीय. हॉस्पिटलवाले डायलिसिसची तयारी करा म्हणतात, हा ऐकायलाच तयार नाही. एका चायनीज बाईकडून काढे आणून पितोय. तुम्ही या. तुमचं ऐकेल."

काढे! आणि तेही चिनी बाईचे! खोटं कशाला सांगू, मला आधी काळजी वाटली नाही, संताप आला.

हाउन्सलो

विमानतळावर माझी बॅग उघडायला लावली. भडंग, मेतकूट, गोडा मसाला, आणि तळाशी कापडी पिशवीत घेटुळीची वाळलेली मुळं आणि गोखरू. घेटुळी म्हणजे पुनर्नवा, अंगावरची सूज उतरवायला आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या वापरलेली. ऑफिसरने पिशवी वर धरली, हे काय म्हणून विचारलं. "टी," मी म्हटलं, "फॅमिली टी." बिचाऱ्याने गुपचूप परत ठेवली. विलायतेत पाऊल टाकल्या टाकल्या पहिली थाप मी तिथे मारली.

माधवची मुलगी रिया विमानतळाजवळच, हाउन्सलोत राहते, तिथल्याच एका मालवाहतूक कंपनीत नोकरी करते. विमानं तिच्या छपरावरून इतकी खालून जातात की मी दर वेळी मान खाली घालायचे आणि ती हसायची. रात्रीच्या जेवणाला तिने पाव भाजून त्यावर डब्यातली घेवड्याची उसळ ओतली. उसळ गोड! पण पोर दिवसभराचं काम करून आत्यासाठी राबत होती, मी मुकाट्याने खाल्लं आणि तिला भडंग दिलं. तोंड पोळलं तरी तिने वाडगा संपवला.

मग एकदम म्हणाली, "आत्या, बाबानी डायलिसिस नाही केला ना, तर ही वोन्ट मेक इट. मम्मी तुला स्ट्रेट नाही सांगणार, म्हणून मी सांगते. तू बोल ना त्याला. प्लीज."

मी बोलते, म्हटलं. आणि पिशवी बॅगेत आणखी खाली सरकवली.

साउथहॅम्प्टन

दार माधवने उघडलं आणि मला क्षणभर तो ओळखूच आला नाही. डोळ्यांखाली पिशव्या, चेहरा पिवळट, आणि पाय इतके सुजलेले की सपाता मागून दाबून घातलेल्या. माझ्याहून पाच वर्षांनी धाकटा, आणि माझ्याहून म्हातारा दिसत होता.

"ये ताई. गवत आणलंस का?"

"आणलंय. तुला कुठे खायचंय ते!"

"माझं गवत आता चीनहून येतं गं," म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. आम्ही हसत असतानाच अनघा आत निघून गेली.

त्या घरात जेवण म्हणजे परीक्षाच. बटाटे चिरून दोनदा उकळायचे आणि दोन्ही वेळचं पाणी फेकून द्यायचं. टोमॅटो नाही, केळं नाही, ओलं खोबरं नाही. किडनी चालेनाशी झाली की पोटॅशियम बाहेर पडत नाही, ते रक्तात साठतं आणि हृदय बंद पाडू शकतं, असं अनघाने मला पहिल्याच दिवशी समजावलं. मी म्हटलं, अगं मला माहीत आहे, मीही शिकलेली आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी आम्ही बसने लिनबाईंकडे गेलो. बसमधून उतरताना तिकडे लहानथोर सगळे ड्रायव्हरला थँक यू म्हणतात. मीही म्हटलं, बरं वाटलं. आपल्याकडे कंडक्टरशी सुट्ट्यावरून भांडून उतरायची सवय.

दुकान एका रांगेत, एका बाजूला नखं रंगवायचं पार्लर, दुसऱ्या बाजूला मासे तळणारा. आत भिंतभर लाकडी खण. मी उंबऱ्यात पाऊल ठेवलं आणि वडिलांच्या दवाखान्याचा वास आला. मला ते मुळीच आवडलं नाही. मी ह्या बाईला उघडं पाडायला आले होते.

लिनबाई माझ्याच वयाच्या, बारीक, केस पांढरे, चष्मा दोरीला. त्यांनी माधवचा हात छोट्या उशीवर ठेवला आणि तीन बोटांनी नाडी पाहिली. आधी डावी, मग उजवी. घाई नाही. जीभ पाहिली, पायावर अंगठा दाबून खड्डा किती वेळ राहतो ते पाहिलं. मग हात पुढे केला, "ब्लड रिपोर्ट." ताजा रिपोर्ट असल्याशिवाय त्या पुडी देत नसत. काय काय देतात त्याची यादी इंग्रजीत लिहून त्यांनी हॉस्पिटलला पाठवायला लावली होती. तिथल्या डॉक्टरांनी नापसंती दाखवली होती, घेणारच असाल तर दर पंधरवड्याला रक्त तपासा असं बजावलं होतं.

मी एका खणाकडे बोट दाखवून म्हटलं, ही आमच्याकडेही आहे, रेवंदचिनी. त्यांनी तुकडा माझ्या हातावर ठेवला. मग ज्येष्ठमध ओळखलं. "हे मी ह्यांना देत नाही," लिनबाई म्हणाल्या, "सूज वाढेल, प्रेशर वाढेल." माझं इंग्रजी मोडकं, त्यांचं वेगळ्या तऱ्हेने मोडकं, पण दोघींचं छान जमत होतं. हेच तर मला खुपत होतं. बाई खरोखरीची वैद्य होती.

निघताना त्या माधवला म्हणाल्या, "मी नवी किडनी देऊ शकत नाही. कदाचित थोडा वेळ मिळेल, कदाचित नाही. हॉस्पिटल सांगेल तेव्हा मशीनवर जायचं." मग माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगा त्यांना."

बंदरावर

परतताना आम्ही धक्क्यावर बाकावर बसलो. समोर प्रवासी जहाज उभं होतं, आमच्या अख्ख्या गल्लीएवढं, आणि पांढऱ्या केसांची जोडपी बॅगा ओढत त्यात चढत होती. वारा असा की डोळ्यांतून पाणी. मी विषय काढला.

"ताई, मी हजारो लोकांना भूल दिलीय," माधव म्हणाला. "मशीनवरच्यांनाही. आठवड्यातून तीन दिवस त्या खुर्चीला बांधलेला माणूस मी पाहिलाय. मला भीती वाटते गं. बास. बाकी काही शास्त्रबिस्त्र नाही."

"आणि ह्या बाईवर विश्वास कसा बसला रे तुझा? मी काय पाप केलं होतं?"

जहाजाकडे बघतच तो म्हणाला, "तिच्याशी वाद घालता येतो. नाही पटलं तर उठून जाता येतं. तुझं औषध घेतलं आणि गुण आला नाही, तर तुझं तोंड बघवलं नसतं मला. आणि गुण आला असता, तर बाबांना आयुष्यभर हसलो ते कुठे ठेवलं असतं?"

त्याचं म्हणणं मला समजलं, तरी पटलं नाही. डायलिसिसचं बोलायला आले होते आणि माझ्या डब्यांचं बोलून उठले.

स्वयंपाकघर

अनघा शाळेत नोकरीला जायची, म्हणून काढा करायचं काम माझ्याकडे आलं. लिनबाईंची पुडी मातीच्या भांड्यात भिजवायची, उकळायची, गाळायची. पहिला आठवडा मी इमानेइतबारे केलं. सूज काही हलेना. सकाळी मोजे घालताना माधव धापा टाकायचा. मी बाजूला बसून बघायचे आणि वरच्या खोलीत बॅगेत घेटुळी तशीच पडलेली.

एका सकाळी मी लिनबाईंची पुडी बागेतल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि त्यांच्याच भांड्यात माझी घेटुळी आणि गोखरू घातले. दोन तोळे. पाणी आटवून चौथाई केलं, वडील करायचे तसं. आजाराने त्याच्या जिभेची चव गेलेलीच होती. एका दमात प्यायला आणि पेपर वाचायला लागला.

काय सांगू, चौथ्या दिवशी सूज उतरायला लागली! पाचव्या दिवशी जिन्यावरून ओरडला, "ताई, अगं बूट चढले! नाडी बांधता आली!" बूट घालून स्वयंपाकघरात आला आणि मला गरागरा फिरवलं. मी त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्याला वाटलं आनंदाने. होतंच ते आनंदाने.

मग म्हणाला, "लिनबाईंनी कमाल केली हं."

तोंडात मारल्यासारखं झालं मला. त्याच क्षणी सांगून टाकलं असतं तर! पण नाही. मी ठरवलं, गुरुवारी रक्त तपासणार आहेत, रिपोर्ट चांगला येऊ दे, मग कागद समोर ठेवून सांगेन की बाबा रे, हे तुझ्या ताईचं गवत. दुसऱ्या दिवसापासून मी दोनाचे चार तोळे केले.

बटाट्याचं पाणी मी दोनदा फेकत होते, आणि शेजारच्या शेगडीवर पोटॅशियमने भरलेली मुळं आटवत होते. दोन्ही माझ्याच हाताने. आपल्या औषधाला तो हिशेब लावायचं माझ्या डोक्यात आलंच नाही. आपलं औषध अपाय करत नाही, हे मी पेशंटना इतक्या वेळा सांगितलं होतं की माझाच त्यावर विश्वास बसला होता.

गुरुवार

सकाळी तो रक्त देऊन आला, दुपारी मी भाकरी थापत होते. फोन माधवनेच घेतला. त्याने फक्त आकडा विचारला, ऐकला आणि जिन्याच्या पायरीवर बसला.

"हॉस्पिटलचा होता. पोटॅशियम फार वर गेलंय. आत्ताच्या आत्ता या म्हणतात, गाडी स्वतः चालवू नका म्हणतात. अनघाला फोन कर." आणि मग, "ताई, बूट नको. सपाताच दे."

हृदयाचे ठोके बिघडलेलेच होते. ज्या मशीनला तो वर्षभर टाळत होता, त्यालाच तासाभरात त्याला जोडलं, मानेतून नळी घालून. ना तयारी, ना त्याच्या मनाची तयारी. स्ट्रेचरवरून नेताना तो त्या डॉक्टरांना स्वतःच सांगत होता, आता हे द्या, मग ते द्या.

अनघाने डॉक्टरांना चिनी औषधांची यादी दाखवली आणि बाहेर येऊन लिनबाईंना फोन लावला. ती माझी शांत भावजय कॉरिडॉरमध्ये किंचाळली, "ट्रस्ट केला होता आम्ही तुमच्यावर! त्याचं हार्ट बंद पडलं असतं!" मी तिचा कोट हातात धरून उभी होते. पलीकडे लिनबाई काहीतरी पुन्हा पुन्हा विचारत होत्या, पण अनघाने फोन ठेवून दिला.

दोन दिवस मी गप्प राहिले. आज लिहितानाही लाज वाटते. घरी आले की घेटुळीची पिशवी बघायची आणि पुन्हा बॅग बंद करायची.

शनिवारी रिया आली. वॉर्डात बापाच्या पायाशी बसून लॅपटॉपवर काहीतरी लिहीत होती. "मी त्या बाईची कंप्लेंट करते आहे, आत्या. तिचा दुकान बंद झाला पाहिजे." तेवढ्यात डॉक्टर आल्या, तरुण मुलगी, आपलं पहिलं नाव सांगून खुर्ची ओढून बसणारी. आपल्याकडे राउंडला डॉक्टर आले की नातेवाइकांना बाहेर काढतात. इथे मला कुणी बाहेर काढलं असतं तर मी आजही गप्प असते.

"रिया, थांब," मी म्हटलं. "तो काढा माझा होता."

पुढचं सगळं मी मराठीत सांगितलं, कारण इंग्रजी सुचेना. रियाने लॅपटॉप मिटला. भाषांतर माधवने केलं. डॉक्टरांनी वनस्पतीचं नाव विचारलं तेव्हा मला शास्त्रीय नाव आठवेना. माझ्या भावाने, मला गवतवाली म्हणणाऱ्याने, ते अचूक सांगितलं, स्पेलिंगसकट. मग मला विचारलं, "किती दिवस?"

"नऊ."

"मात्रा?"

"आधी दोन तोळे. मग चार."

पेशंटला विचारतात तसं विचारलं त्याने. मग मान वळवता येत नव्हती म्हणून नुसते डोळे मिटले. अनघा उठून बाहेर गेली.

डॉक्टर माझ्याकडे झुकून हळू म्हणाल्या, "सांगितल्याबद्दल थँक यू. किडनी शेवटालाच आली होती. आज ना उद्या डायलिसिस लागणारच होतं." कुणी ओरडलं नाही. मिरजेत चार माणसं जमली असती, माझा दवाखाना फोडला असता. इथे मला थँक यू म्हणाले. ते ऐकवत नव्हतं. लागणार होतं ते त्याने स्वतःच्या पायांनी चालत जाऊन घ्यायला हवं होतं, आणि तेच त्याला पटवायला मी आले होते.

पुन्हा दुकानात

सोमवारी एकटीच बसने लिनबाईंकडे गेले. काजूकतली नेली होती. त्यांनी डबा बाजूला सारला, उघडला नाही.

"तो जिवंत आहे?"

"आहे. तुमची पुडी मी फेकली होती. काढा माझा होता."

"मी चार रात्री माझी यादी तपासतेय," त्या म्हणाल्या. "एकेक नाव. मला वाटलं, माझ्या हातून चुकलं."

मी हात जोडले. त्यांनी वहीतलं माधवचं पान काढून माझ्यापुढे केलं. तारीख, नाडी, जीभ, सूज, रिपोर्ट, पुडी, सगळं ओळीने. "तुम्ही लिहून ठेवलंत? काय दिलं, किती दिलं?"

"नाही."

"वैद्य ना तुम्ही?" एवढंच म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या, खरोखरच विचारत होत्या. मग दाराशी आल्या आणि पुढच्या बसची वेळ सांगितली. आता माधवला तपासायला त्या तयार नव्हत्या, आणि त्यांचं काहीच चुकत नव्हतं.

शेवटचा आठवडा

माधव घरी आला. सोमवार, बुधवार, शुक्रवार मशीन. परत आला की सोफ्यावर आडवा व्हायचा, ओठ कोरडे, बोलायचं त्राण नाही. अनघा माझ्याशी गरजेपुरतं बोलायची, "ताई, जेवलात का?" एवढं. माधव मात्र बोलायचा. मिरजेच्या शाळेचं, बाबांच्या खलबत्त्याचं. एकदाही त्या नऊ दिवसांचा विषय काढला नाही. मी वाट बघायचे, की आता चिडेल, शिव्या देईल, लहानपणी द्यायचा तशा. एकदा तर मीच म्हटलं, "अरे बोल ना काहीतरी." तर म्हणाला, "काय बोलू ताई? तू काय मुद्दाम केलंस?"

निघायच्या दिवशी सकाळी अनघा गाडीत माझी बॅग ठेवायला गेली होती. त्याच्या गोळ्यांची वेळ झाली. मी गोळ्या त्याच्या तळहातावर ठेवल्या आणि ग्लासात त्याला चालतं तेवढंच पाणी आणून दिलं. त्याने ग्लास तोंडाशी नेला, थांबला, आणि पाण्याचा वास घेतला.

मग माझ्याकडे लक्ष गेलं त्याचं. कान लाल झाले. घाईघाईने गोळ्या तोंडात टाकल्या, पाणी एका दमात संपवलं आणि रिकामा ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाला, "पोचलीस की फोन कर हं."

नळाचं साधं पाणी होतं ते.